"कमावता ना तुम्ही?"

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची लेक आज दुपारी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. बारावी कॉमर्सला घसघशीत मार्क. पण घरचं बघून तिने एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरी धरली आणि बी.कॉम.साठी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. येताना 40 रुपये मोडून नवे पासपोर्ट फोटो काढून आणले होते. उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेलं.

केंद्राची पीएम-यूएसपी म्हणून शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला 12,000 रुपये. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. आहे. बारावीला आपल्या शाखेत बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत असावं. तीही आहे. मग ती ओळ आली. नियमित पदवी अभ्यासक्रमच चालेल. पत्राद्वारे किंवा दूरस्थ शिकणारे आणि डिप्लोमावाले अपात्र.

मी दोनदा वाचलं. ती म्हणाली, "राहू द्या काकू, मला चारला ड्यूटीवर पोचायचंय." फोटो परत पिशवीत घातले आणि गेली. तिला नवलसुद्धा वाटलं नाही हो. मला तेच जास्त लागलं.

आमच्या दादाचीच गोष्ट ही. इथल्या काही जुन्या मित्रमैत्रिणींना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. दादा आयटीआय टर्नर. 1992 साली नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत लागला आणि संध्याकाळच्या पार्टटाइम डिप्लोमाला बसला. त्यासाठी पहिली पाळी मागून घ्यायचा. साडेतीनला सुटायचं, खोलीवर दोन घास खायचे आणि सायकल मारत वर्गात. फी सवलतीचं विचारायला खिडकीवर गेला, तर आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कमावता ना तुम्ही?"

दादा म्हणाला, हो.

"मग?"

झालं. एवढीच चौकशी.

अरे कमावतो म्हणजे काय? त्या पगारातून खोलीचं भाडं जायचं, दिंडोरीकडे घरी मनिऑर्डर जायची आणि उरलेल्यातून माझ्या हॉस्टेलची मेस. हो, माझ्या. मी दिवसाच्या कॉलेजात बी.ए. करत होते आणि मला ईबीसी, म्हणजे घरचं उत्पन्न कमी म्हणून फीची सवलत होती. सकाळची दोन लेक्चरं करायची, उरलेला दिवस कट्ट्यावर. सरकारच्या लेखी मी विद्यार्थिनी आणि आठ तास लेथवर उभा राहून वर्गात बसणारा दादा कामगार. तेव्हा मला यात काही खटकलं नव्हतं, हेही लिहूनच टाकते.

आपल्यातले सगळे 11 एप्रिलला फुल्यांचा फोटो टाकतात. मीही टाकते. त्यांनी 1855 साली रात्रशाळा काढली ती कोणासाठी? दिवसभर राबणाऱ्यांसाठीच ना! कर्मवीरांनी तर 'कमवा आणि शिका' महाराष्ट्राच्या अंगात भिनवलं. ते वाक्य आपण कॉलेजच्या भिंतीवर रंगवायचं आणि त्याच भिंतीतल्या खिडकीतून विचारायचं, कमावता ना तुम्ही?

व्होकेशनलची तर बातच नको. आयटीआयच्या पोरांना वर्षानुवर्षं विद्यावेतन होतं महिना 40 रुपये. चाळीस! ते आता आता 500 झालं. 2024 मध्ये मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, फार चांगलं झालं, मी पेढे वाटायच्या बेतात होते. पण ती केंद्रीभूत प्रवेशातून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून आलेल्या मुलींना. त्याच वर्षी युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, कामाचा अनुभव घेणाऱ्या बारावी पास मुलाला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. म्हणजे शिकून झाल्यावर काम शिकायला पैसे आहेत. काम करता करता शिकणाऱ्याने मात्र आपलं आपण बघावं.

बोगस विद्यार्थी दाखवून पैसे लाटतील, असं कोणीतरी खाली लिहिणारच आहे. लाटतील, मान्य. पण संस्थाचालकांच्या चोरीची शिक्षा माझ्या मावशींच्या लेकीला का? आणि पार्टटाइमवाल्याला पूर्ण रक्कम द्या असं कोण म्हणतंय? अर्धे विषय घेतले तर अर्धी द्या. निदान परीक्षा फी तरी द्या. तिजोरीवर भार पडेल, तोही मान्य. पडू दे.

दादाची ड्रॉइंग शीट अजून माझ्याकडे आहे. कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट ठसा. हात कितीही घासले तरी कूलंटचा वास आणि काळपट रेषा जात नसत. सरांनी शीट मळकी म्हणून मार्क कापले होते. तिसऱ्या वर्षात त्याने सोडलं. घरात आम्ही समजून चाललो की फी झेपली नाही. आज तो व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे आणि नव्याने आलेल्या इंजिनिअर पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवतो. ती पोरं त्याचे साहेब होतात.

एवढं टाइप करून मी त्यालाच फोन लावला. वाटलं, तोही चिडेल. तो कसला चिडतोय. म्हणाला, "पोरीची फी किती आहे?" मी म्हटलं, गप रे दादा, तू आमच्यासाठी भरलीस तेवढी बास, या खेपेला मी बघते. मग जरा थांबून म्हणाला, "तिला म्हणावं, पेपरांच्या तारखा आल्या की लगेच लॅबवाल्याकडे रजा टाकून ठेव. लेखी घे. माझ्या मशीन डिझाइनच्या पेपरच्या दिवशी दुसरी पाळी लागली होती."

मी म्हटलं, म्हणून सोडलंस तू?

"तुझीही परीक्षा होती गं तेव्हा," म्हणाला आणि मागे मशीन सुरू झालं.