शेतकऱ्याला मोबाईलवरून शहाणं करायचंय? मग हे वाचाच

तर तुम्ही शेतकऱ्यांसाठी ॲप काढताय, झकास. पहिलं म्हणजे शेतात जाऊ नका, बुटाला चिखल लागतो आणि वर कोणीतरी प्रश्न विचारतं.

नोंदणीला ओटीपी, आधार, गट नंबर, मग परत ओटीपी ठेवा. रेंज फक्त बांधावरच्या लिंबाखाली येते, तिथं पोचेस्तोवर ओटीपी मरतो, पण तुमच्या आकड्यात नोंदणी धरायला काय जातंय! फोन पोराकडे असतो आणि खुरपणाऱ्या बाईकडे बऱ्याचदा नसतोच, हे प्रेझेंटेशनमधे येऊ देऊ नका, तिथं हसरा फेटेवाला पुरे.

हवामानाचा मेसेज असा लिहा, "तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, योग्य ती काळजी घ्यावी". पडला तर आपण बरोबर, नाही पडला तर त्याचं गाव तुरळकमधे नव्हतं. फवारणी टाळा हे मात्र दुपारी कळवा, सकाळी पंप मारून झालेला असतो.

कामाचं सांगायचं झालंच तर जपून. म्हणजे कपाशीत हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, असलं काही. 2017 ला विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आठवत असेल तर हा सल्ला सोन्यासारखा आहे, म्हणूनच तो खाली टाका आणि वर कीटकनाशकाची जाहिरात, शेवटी ॲपला पण पोट आहे. तरीही शेतकरी कृषी सेवा केंद्रवाल्याचंच ऐकेल, कारण दुकानदार उधारी देतो, तुमचं ॲप देतं का?

2007 ला रॉयटर्स मार्केट लाइटनं महाराष्ट्रात एसएमएसवर बाजारभाव विकायला घेतले, शेतकरी चक्क पैसे भरून घ्यायचे. तुम्ही फुकटच द्या, पैसे भरलेला माणूस जाब विचारतो.

आणि फोनवर जिवंत माणूस बसवू नका हो! सरकारनं 2004 पासून किसान कॉल सेंटर चालवलंय, 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, आपल्या भाषेत बोलतात, अशानं लोकांना सवय लागते. त्यापेक्षा चॅटबॉट बसवा. कपाशीची पानं लाल पडली म्हणून शेतकऱ्यानं त्या दुखण्याचं नाव "लाल्या" टाइप केलं की बॉटनं म्हणावं, "नमस्कार लाल्याजी, आपला हप्ता प्रक्रियेत आहे", आणि लगेच पाच स्टार मागावेत.