आपण 'त्यांच्यातले' नाही, हे दगड मारणाऱ्याला कोण सांगणार?

2024 च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. इंग्लंडात ठिकठिकाणी दंगली पेटलेल्या, आणि आमच्या लंडनच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "घाबरू नका. त्यांचा राग होड्यांतून येणाऱ्यांवर आहे, आपल्यावर नाही. आपण कष्ट करतो, टॅक्स भरतो, मुलांना शिकवतो." (होड्यांतून येणारे म्हणजे फ्रान्सच्या बाजूनं छोट्या होड्यांतून समुद्र ओलांडून, विनापरवाना येणारे.) खाली ढीगभर अंगठे आणि दोन-चार जोडलेले हात. लिहिणारे गृहस्थ भले आहेत. गणपतीत मोदकांची ऑर्डर आणि हॉलचं भाडं तेच सांभाळतात. पण मेसेज वाचून माझं डोकं फिरलं होतं. तेव्हा काहीच लिहिलं नाही, कारण सलग नाइट ड्यूट्या होत्या. आता सुट्टी आहे, तर सगळंच लिहिते. लांब होणार, चहा घेऊन बसा.

मी मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले, आणि गेली दहाएक वर्षं पूर्व लंडनमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नोकरी करते.

आधी त्या आठवड्यात काय झालं ते. 29 जुलैला साउथपोर्ट नावाच्या गावात मुलींच्या डान्स क्लासमध्ये एकानं चाकू चालवला, तीन लहान मुली गेल्या. काही तासांत इंटरनेटवर पसरलं की मारणारा मुसलमान आहे, होडीतून आलेला निर्वासित आहे. तो निघाला कार्डिफमध्ये जन्मलेला मुलगा. पण तोवर कोणाला थांबायचं होतं? दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. मग रॉदरहॅममध्ये निर्वासितांना ठेवलेलं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला, आत माणसं असताना. मिडल्सब्रोमध्ये रस्त्यात गाड्या अडवून ड्रायव्हरला विचारत होते, गोरा आहेस का, इंग्रज आहेस का. आणि संडरलंडमध्ये ड्यूटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगड मारले.

हे शेवटचं पुन्हा वाचा. फिलिपिनो नर्सेस. ना मुसलमान, ना होडीवाल्या. रीतसर व्हिसावर आलेल्या, टॅक्स भरणाऱ्या, आणि दंगलीतल्या जखमींना वाढीव हात लागतील म्हणून कामावर निघालेल्या. आमच्या ग्रुपवरच्या मेसेजमधली एकूण एक अट त्या पूर्ण करत होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं म्हणून सोडून देता येईल, पण मला तेही पटत नाही. दगड मारणाऱ्याच्या हिशेबात ओलं-सुकं असं काही नव्हतंच. ती वर्गवारी आपली आहे, आपल्या समाधानासाठी केलेली.

लंडनमध्ये तसं फार काही झालं नाही, हेही सांगायला हवं. 7 ऑगस्टला इमिग्रेशनच्या वकिलांच्या ऑफिसांवर चाल करून जाणार अशी यादी फिरत होती, त्यात आमच्याकडचं वॉल्थमस्टो होतं. दुकानदारांनी दुपारीच शटर ओढली. संध्याकाळी हजारो माणसं रस्त्यावर आली, सगळ्या रंगांची, आणि ज्यांची भीती होती ते फिरकलेच नाहीत. हे शहर मला आवडतं ते अशा गोष्टींसाठी. 2021 च्या जनगणनेत लंडनमधले स्वतःला गोरे ब्रिटिश म्हणवणारे 37 टक्क्यांच्या आसपास होते. माझ्या वॉर्डात एका शिफ्टला घाना, केरळ, पोर्तुगाल, मनिला आणि मिरज एकत्र असतं. पण इतक्या सरमिसळीतसुद्धा माणसं एकमेकांना ओळीत उभं करतात. कोण वर, कोण खाली.

आता वॉर्डातलं सांगते. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते. मी बीपी घ्यायला गेले की हात आखडून घ्यायचे. "मला इंग्लिश नर्स पाहिजे." आमची वॉर्ड मॅनेजर आयरिश आहे, पस्तीस वर्षं याच कामात. ती आली आणि शांतपणे म्हणाली, "आज तुम्हाला हीच नर्स मिळेल, उद्याही हीच." त्यांनी तोंड फिरवलं. रात्री तीनला बेडपॅनसाठी बेल वाजली तेव्हा मात्र त्यांना माझा रंग दिसला नाही. मला त्यांचा फार राग येत नाही, खरंच. एप्रिल 2020 पासून नियम आहे की वंशद्वेषी वागणाऱ्या पेशंटला, जिवावरचा प्रसंग नसेल तर, उपचार नाकारता येतात. आमच्या वॉर्डात तो कोणी वापरलेला मी पाहिला नाही. चार दिवसांचा पाहुणा असलेल्या माणसाशी कोण भांडत बसणार?

मला जिव्हारी लागलं ते दुसरंच. एक आजी होत्या, अगदी गोड. माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "तू किती छान आहेस गं, तू त्या बाकीच्यांसारखी नाहीस." आणि डोळ्यानं खूण करायच्या आमच्या सफाईवालीकडे. ती सोमाली आईबापांची मुलगी, डोक्याला स्कार्फ, जन्म व्हाइटचॅपलचा. म्हणजे दोघींत परदेशी कोण असेल तर मी! तिनं ते ऐकलं. मॉप चालवत राहिली. आजींना वाटलं त्यांनी माझं कौतुक केलं. अशा कौतुकाला 'थँक यू' म्हटलं की तुम्ही त्या ओळीत उभ्या राहिलात, आणि तुमची जागा टिकवायला खाली कोणीतरी लागतंच. आमच्या ग्रुपवरचा मेसेज मला त्या आजींच्याच आवाजात ऐकू आला.

इतिहासात जाते थोडं. कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण मग कमेंटमध्ये वाद घालू नका.

'चांगला स्थलांतरित' म्हणजे कोण? दादाभाई नौरोजींपेक्षा चांगला कुठून आणणार? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, लंडनमध्ये व्यापार केलेला माणूस, अस्खलित इंग्रजी. आणि कातडीचंच बोलायचं तर इतके उजळ की सॉल्सबरीसाहेबांपेक्षा हेच गोरे, असा विनोद त्या वेळी इंग्लंडात झाला. तो विनोद का झाला? तर 1888 मध्ये एडिंबरामधल्या भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी म्हणाले होते की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याच्या टप्प्याला अजून आलेले नाहीत. 1892 मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून 5 मतांनी निवडून आले, हा भाग आपण शाळेत अभिमानानं वाचतो. पण आपल्यातल्या सगळ्यात गोऱ्या, सगळ्यात शिकलेल्या माणसालाही पंतप्रधानानं 'काळा'च म्हटलं, हा भाग आपल्या डोक्यात राहत नाही.

मी कधीकधी पंचवीस नंबरच्या बसनं जाते, ती व्हाइटचॅपलला एका छोट्या बागेवरून जाते. अल्ताब अली पार्क. अल्ताब अली कपड्यांच्या कारखान्यात काम करणारा पंचविशीतला बांगलादेशी मुलगा. 4 मे 1978 ला संध्याकाळी कामावरून घरी निघाला होता, तिथेच रस्त्यात तिघा पोरांनी त्याला मारलं. त्याच्या शवपेटीमागून हजारो लोक डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्या काळी सगळ्या सावळ्या माणसांना शिवी एकच होती, पाकिस्तानच्या नावावरून. बंगाली, पंजाबी, गुजराती, तमिळ, कोल्हापूरकर, सगळ्यांना तीच. बांगलादेशातून आलेल्या पोरालासुद्धा तीच, तीही बांगलादेश वेगळा होऊन सात वर्षं झाल्यावर! शिवी देणाऱ्यानं कधी विचारलं नाही की बाबा रे, 1971 मध्ये तू कुठल्या बाजूला होतास.

आणि चूक फक्त रस्त्यावरच्या गुंडांची होते असंही नाही. 2005 च्या जुलैमध्ये लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी पोलिसांनी स्टॉकवेल स्टेशनात एका तरुणाला संशयित समजून गोळ्या घातल्या. तो निघाला ब्राझीलचा इलेक्ट्रिशियन, जाँ शार्ल्स दि मेनेझिस, कामावर निघालेला. स्फोटांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मुसलमानही नव्हता. कॅथलिक देशातला साधा कामगार माणूस.

हे सगळं आमच्या लोकांना माहीत नाही असं नाही. मग 'आपण त्यांच्यातले नाही' हे इतक्या सहज तोंडून कसं येतं? माझं मत कडू आहे. ती सवय आपण विमानात बसतानाच बरोबर आणलेली असते.

इथे नवीन मराठी कुटुंब भेटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आडनाव. माझं आडनाव ऐकलं की क्षणभर थांबून, "म्हणजे मूळचे कुठले?" मिरज म्हटलं की, "हो, पण मूळचे?" 2022 च्या नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यातल्या समारंभात एका कृष्णवर्णीय ब्रिटिश बाईला राजघराण्याजवळच्या बाईनं असंच खोदून खोदून विचारलं होतं, 'नाही, पण खरी तू कुठली?' केवढी बोंब झाली होती! विचारणारीला पद सोडावं लागलं. आमच्या ग्रुपवरही निषेध झाला, आणि तो करणाऱ्यांत मला 'मूळचे?' विचारून झालेल्या दोन वहिनी होत्या. आमच्या भागात दुकानांच्या काचांवर खोली भाड्यानं देण्याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. शाकाहारीच हवेत, अमुकच भाषेचे हवेत, तमुक नकोत. मात्र 2017 मध्ये केंटमधल्या एका बड्या घरमालकानं 'करीचा वास राहतो म्हणून रंगीत लोकांना घर नको' असं एजंटला कळवलं आणि कोर्टानं त्याला मनाई केली, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अजून वाजवीन. पण मग खालच्या दुकानाच्या काचेवरची चिठ्ठी काय वेगळं म्हणते?

2010 च्या समानता कायद्यानं ज्या कारणांवरून भेदभावाला बंदी घातली, त्यात जात स्पष्टपणे नाही. 2013 मध्ये संसदेनं सरकारला ती घालायला सांगितलं. इथल्या अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला, दलित संघटना मागणी लावून धरत राहिल्या, आणि 2018 मध्ये सरकारनं जाहीर केलं की कायदा करणार नाही, कोर्टांचे निकाल पुरेसे आहेत. कोणता निकाल? मिल्टन कीन्समधल्या एका भारतीय घरात बिहारहून आणलेल्या आदिवासी बाईला दिवसाचे अठरा-अठरा तास राबवलं, जमिनीवर झोपवलं. तिच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणानं 2014 मध्ये म्हटलं की जात ही वंशाच्या व्याख्येत येऊ शकते. पुढच्या वर्षी तिला 1,80,000 पौंडांहून अधिक थकीत पगार मंजूर झाला. आमच्या ग्रुपवर तेव्हा प्रश्न होता, "इंग्लंडात जात कुठे आहे?"

पुढे बाबासाहेबांच्या लंडनमधल्या घराचा वाद झाला. 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये ते तिथे राहिले, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. स्मारक म्हणून वापरायला कॅम्डन काउन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, परवानगी नाकारली, काही शेजाऱ्यांना लोकांच्या येण्याजाण्याचा त्रास होत होता. तेव्हा याच ग्रुपवर 'गोऱ्यांचा माज बघा' म्हणून संताप उसळला. 2020 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा अंगठे आणि निळे बदाम. मला आनंदच झाला. पण जयंतीला तिथे जाते तेव्हा त्या अंगठ्यांपैकी फारसं कोणी दिसत नाही.

एक सरळ व्यवहाराची गोष्टही आहे. समजा, मानलं की यादी आहे आणि आपण तिच्या चांगल्या बाजूला आहोत. ती यादी लिहितं कोण? आपण नाही. 2024 च्या मार्चपासून केअर वर्कर्सना, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करायला परदेशातून येणाऱ्यांना, नवऱ्या-मुलांना आणायची बंदी आली. कोविडमध्ये ज्यांच्यासाठी दर गुरुवारी रात्री आठला थाळ्या वाजवल्या ना, त्यातलेच हे. 2025 च्या मे महिन्यात सरकारनं प्रस्ताव मांडला की कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं थांबायचं. त्याच सप्टेंबरात स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्ष म्हणाला की कायमचं वास्तव्य हा प्रकारच रद्द करू. हे सगळे लोक होडीतून आलेले नव्हते. फॉर्म भरून, फी भरून, बोटांचे ठसे देऊन आलेले होते. परवा ग्रुपवर एकजण विचारत होता, "हे आपल्याला पण लागू होणार का?" मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं. ॲडमिननं पिन करून ठेवलंय, 'राजकीय चर्चा नको'.

म्हणून इथे लिहिलं. माझ्या भिंतीवर ॲडमिन मीच आहे.

वाद घालायचा असेल त्यांनी जरूर घाला, तथ्य चुकलं असेल तर सांगा. फक्त 'एवढा त्रास होतो तर परत का येत नाहीस' असं लिहिणाऱ्यांनी कष्ट घेऊ नका. ते मला पंचवीस नंबरच्या बसमध्ये आधीच ऐकवून झालंय, इंग्रजीत.