‘सात वर्षांनी मोकळे’ आणि बाकीच्या थापा: बेपत्ता बायकोबद्दलच्या मेसेजचा प्रतिवाद

कुटुंबाच्या, गावाच्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: ‘बायको घरातून निघून गेली तर चोवीस तास थांबा, त्याआधी पोलीस तक्रार घेत नाहीत. सज्ञान बाईला पोलीस शोधत नाहीत. बहुतेक बायका प्रेमप्रकरणातूनच जातात. फोनवर मेसेज आला म्हणजे ती सुखरूप आहे. काही बरंवाईट झालंच तर आधारच्या अंगठ्यावरून कळतं. आणि सात वर्षं झाली की ती कायद्याने मृत, नवरा मोकळा.’ खाली हात जोडलेलं चित्र आणि ‘पुढे पाठवा’.

ज्याच्या घरात ही वेळ आली आहे, तो माणूस हे वाचतो आणि थांबतो. खरं नुकसान त्या थांबण्यात आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘चोवीस तास थांबा’

असा नियम ना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, ना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. बाई घरी यायला हवी होती आणि आली नाही, फोन लागत नाही, माहेरी नाही, मैत्रिणीकडे नाही, एवढं पुरेसं आहे. त्याच रात्री पोलीस ठाण्यात जाऊन मिसिंग, म्हणजे बेपत्ता व्यक्तीची नोंद, दाखल करता येते. खबर नवऱ्यानेच द्यायला हवी असंही नाही. आई, भाऊ, शेजारीण, कोणीही देऊ शकतं. नवरा टाळाटाळ करत असेल तर माहेरच्यांनी त्याची वाट बघत बसू नये. ठाणे अंमलदार ‘उद्या या’ म्हणाला, तर लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्यावी. परतताना मिसिंगचा नंबर, तपासी अंमलदाराचं नाव आणि नोंदीची प्रत हातात हवी.

त्या नोंदीतल्या वर्णनाची आपल्याकडे पार वाट लागलेली असते. ‘रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात साडी, गळ्यात मंगळसूत्र, पायात चप्पल.’ या वर्णनात निम्मा महाराष्ट्र बसतो. उपयोगाचं वर्णन असं असतं: सिझेरियनचा आडवा व्रण, डाव्या मनगटावर गोंदलेलं नाव, उजवीकडच्या खालच्या दाढेला कॅप, कानाची पाळी फाटून शिवलेली, मंगळसूत्राच्या वाट्या कोणत्या घडणीच्या, जोडवी एकपदरी की दुपदरी, चष्म्याचा नंबर, कोणती गोळी रोज चालू आहे. फोटो लग्नातला नको. मेकअपमधला चेहरा एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला ओळखू येत नाही. गेल्या सहा महिन्यांतला, घरच्या कपड्यांतला एक आणि पूर्ण उंचीचा एक फोटो द्यावा. फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, खोक्यावर किंवा खरेदीच्या बिलावर सापडतो. सिम बदललं तरी फोनचा माग त्या नंबरावरून लागतो.

आता घाई कशाची? कॉलचा तपशील मोबाईल कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावा लागतो, तो कुठे पळत नाही. पळून जातं ते सीसीटीव्हीचं चित्रण. सोसायटीचा, मेडिकलवाल्याचा, पेट्रोल पंपाचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) हार्ड डिस्कच्या क्षमतेनुसार साधारण पंधरा दिवस ते महिन्याभरात जुन्यावर नवं लिहीत जातो. लहान दुकानात आठवडाही टिकत नाही. पहिल्याच दिवशी बाई ज्या वाटेने गेली असेल त्या वाटेवरच्या कॅमेऱ्यांची यादी करून ती तपासी अंमलदाराला द्यावी, आणि दुकानदाराला ‘हे पुसू नका’ असं लेखी द्यावं. जाता जाता डीव्हीआरवरचं घड्याळ आपल्या मोबाईलशी ताडून बघावं. ते पंधरा-वीस मिनिटं पुढेमागे असतं आणि मग ‘त्या वेळी ती तिथे नव्हतीच’ असा निष्कर्ष निघतो.

आणखी एक चूक घरोघरी होते. तिचं एटीएम कार्ड घरात राहिलेलं असतं आणि कोणीतरी त्यावर पैसे काढतं, बहुधा मुलांच्या फीसाठी. पोलीस खात्याचा उतारा मागवतात तेव्हा तो व्यवहार ‘ती हयात असून पैसे काढते आहे’ असा दिसतो, नाहीतर काढणाऱ्यावर संशय येतो. कार्ड, तिचा जुना फोन, कपाट, कंगवा, टूथब्रश, कशाला हात लावू नये. शेवटच्या दोन वस्तूंचं कारण पुढे येईल.

‘सज्ञान बाईला पोलीस शोधत नाहीत’

इथे अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पसरतं. अल्पवयीन मूल बेपत्ता झालं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार अपहरणाचा किंवा मानवी तस्करीचा संशय धरून थेट गुन्हा नोंदवावा लागतो. अठरा वर्षांवरील व्यक्तीची आधी फक्त मिसिंग नोंद होते. मिसिंग म्हणजे गुन्हा नव्हे. त्यात चौकशी होते, पण अटक, झडती अशी गुन्ह्याच्या तपासातली हत्यारं हातात येत नाहीत. सगळी गाडी अडते ती या दोन नोंदींमधल्या फटीत.

ती फट बुजवायला तथ्यं लागतात, आणि ती घरच्यांनाच मांडावी लागतात. आधी मारहाण झाली होती का, हुंड्याची मागणी, धमकीचे मेसेज, कोणाकडून पैशांचं येणं, शेवटचं कोणासोबत दिसली, अंगावर किती दागिना होता. हे पुरवणी जबाबात लिहून द्यावं. त्यातून दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाप्रमाणे तो नोंदवणं बंधनकारक आहे. हद्दीचा वाद घातला जात असेल, म्हणजे सासर साताऱ्यात, माहेर सांगलीत आणि शेवटचं लोकेशन पुण्यात, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा दाखल होतो. नकार मिळाला तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. कोणी डांबून ठेवल्याचं सांगता येत असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची याचिका. नुसतं ‘सापडत नाही’ एवढ्यावर मात्र ती याचिका टिकणं अवघड.

ती सापडली आणि म्हणाली की मी माझ्या मर्जीने गेले, तर पोलीस जबाब घेऊन मिसिंग बंद करतात. तिला घरी जायची सक्ती करता येत नाही, पत्ता सांगायचीही नाही. घरच्यांना एवढंच कळतं की ती जिवंत आहे. हे झोंबतं, पण मारहाणीतून निसटलेल्या बाईसाठी तेच एक संरक्षण असतं. त्यामुळे पोलिसांशी न बोलता तिचा फोटो गावभर व्हायरल करणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

‘बहुतेक बायका प्रेमप्रकरणातूनच जातात’

२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून अठरा वर्षांवरील १,७८,४०० महिला बेपत्ता झाल्याची आकडेवारी केंद्र सरकारने संसदेत दिली होती. मेसेजवाले हाच आकडा फेकतात आणि पुढे आपल्या मनातलं कारण चिकटवतात. हा आकडा नोंदींचा आहे. यातल्या कितीतरी परत आल्या, आणि कारण त्यात नोंदलेलंच नाही.

कारणं वेगवेगळी असतात: सासरचा छळ, कर्ज, बाळंतपणानंतरचं नैराश्य किंवा भ्रम, मानसिक आजाराची सुटलेली औषधं, फसवून नेणं, अपघात, खून. मानसिक आजारातून भरकटलेल्या बाईचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर (संकटातल्या महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र), निराधार मनोरुग्ण महिलांना सांभाळणारी अहिल्यानगरची माउली सेवा प्रतिष्ठान, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणारी कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था. अशी बाई परराज्यात सापडते तेव्हा तिला गावाचं नाव सांगता येतं, तालुका सांगता येत नाही. म्हणून तिची बोली, घरची हाक मारायची नावं, जवळच्या देवळाचं नाव हेही कळवून ठेवावं.

‘पळाली’ हा शब्द एकदा गावात सुटला की शोध थांबतोच, आणि घराचं काय होतं ते कोणी लिहीत नाही. मुलांना शाळेत विचारलं जातं. धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडतं. आई देवळात जायचं सोडते. नवरा निर्दोष असला तरी त्याच्याकडे खुनी म्हणून बघितलं जातं, आणि माहेर-सासर एकमेकांवर आरोप करत बसतात, नेमकं तेव्हा, जेव्हा दोन्हीकडची माहिती एकत्र हवी असते. तिचे कॉल माहेरी ठाऊक असतात, तिचे खर्च सासरी. अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी बेपत्ता माणसांच्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं की या दुःखाला शेवटच नसतो. तेरावं घालायचं तर तिला मारल्यासारखं, वाट बघायची तर आयुष्य अडकलेलं. लहान मुलांना ‘आई गावाला गेली’ असं सांगू नये. ‘आई कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही, आपण शोधतो आहोत’ हेच सांगावं. खोटं उघडं पडलं की मूल उरलेल्या माणसावरचाही विश्वास गमावतं.

‘मेसेज आला म्हणजे ती सुखरूप’

याला उत्तर म्हणून एकच प्रकरण पुरे. अश्विनी बिद्रे-गोरे स्वतः नवी मुंबई पोलीस दलात सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्यांचा खून झाल्यानंतरही त्या हयात आहेत असं भासवण्यासाठी त्यांच्या मोबाईलवरून नातेवाइकांना मेसेज पाठवले गेल्याचं तपासात पुढे आलं. पती आणि माहेरचे लोक ठाणी, वरिष्ठ अधिकारी, उच्च न्यायालय असे झगडत राहिले. गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ उजाडला, तेव्हाचे पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांना अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली ती एप्रिल २०२५ मध्ये. नऊ वर्षं! मृतदेहाचे तुकडे करून वसईच्या खाडीत टाकले गेले होते, ते मिळाले नाहीत. तरीही शिक्षा झाली. ‘मृतदेह नाही तर खून नाही’ ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच, रमानंद खटल्यात, मोडीत काढली आहे.

तेव्हा मेसेज आला तर आवाज मागावा, व्हिडिओ कॉल मागावा, तिलाच ठाऊक असेल असं काही विचारावं. लिहिण्याची ढब जुन्या चॅटशी ताडून बघावी: ती मराठी देवनागरीत लिहायची की रोमनमध्ये, नवऱ्याला ‘अहो’ लिहायची की नाव. चॅट डिलीट करू नये, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नये, फोन तसाच अंमलदाराला दाखवावा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पोस्टरवर घरचा नंबर टाकणं. दोन दिवसांत ‘तुमची मिसेस आमच्याकडे ॲडमिट आहे, आधी पाच हजार पाठवा’ असे फोन सुरू होतात. पोस्टरवर पोलीस ठाण्याचा नंबर आणि मिसिंग क्रमांक टाकावा. अंगावरची एक खूण मुद्दाम जाहीर करू नये. फोन करणाऱ्याला तीच विचारावी.

‘आधारच्या अंगठ्यावरून कळतंच’

नाही कळत. आधार कायद्याप्रमाणे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद कोणालाच देता येत नाही, पोलिसांनाही नाही. बाकीची माहितीसुद्धा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या आदेशानेच मिळते. आश्रमातल्या जिवंत व्यक्तीची नव्याने नोंदणी करताना ‘आधीच नोंद आहे’ म्हणून अर्ज परत येतो आणि त्यातून ओळख लागते. नागपूरच्या आधार केंद्रातून अशी माणसं घरी पोचली आहेत. अनोळखी मृतदेहाला ती सोय नाही.

त्याची नोंद अकस्मात मृत्यू म्हणून होते, आणि रेल्वेच्या हद्दीत ती लोहमार्ग पोलिसांकडे असते, शहर पोलिसांकडे नाही. दोन्हीकडे वेगळं विचारावं लागतं. ओळख पटते ती डीएनएवरून, आणि त्यासाठी नवऱ्याचं रक्त एकट्याने कामाचं नाही. तो तिचा रक्ताचा नातेवाईक नव्हे. आई-वडील आणि मुलांचे नमुने सर्वांत उपयोगी, मग सख्ख्या भावंडांचे. मुलांच्या नमुन्यासोबत मात्र नवऱ्याचा नमुना द्यावा, म्हणजे मुलांतला आईकडचा भाग वेगळा काढता येतो. कंगव्यातले मुळासकट केस आणि तिचा टूथब्रश न धुता कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना सडतो.

‘सात वर्षं झाली की मृत, नवरा मोकळा’

आपोआप काहीही होत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये (जुन्या कायद्यातलं १०८) एवढंच आहे की सात वर्षं जिची खबर तिच्या जवळच्यांना नाही, ती हयात आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. हा प्रश्न न्यायालयात उभा राहावा लागतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा लावायचा, सगळ्या वारसांना पक्षकार करायचं. सोबत मिसिंग नोंदीची सही-शिक्क्याची प्रत, ‘शोध घेऊनही मिळून आली नाही’ असं पोलिसांचं पत्र आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस जोडायची. हुकूमनामा झाल्यावरच महापालिका किंवा ग्रामपंचायत मृत्यूचा दाखला देते. पहिल्या दिवशी नोंदच केली नसेल, तर सात वर्षं मोजायची कुठून, इथपासून अडतं.

लग्नाचंही तसंच. सात वर्षं खबर नसणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे, घटस्फोट नव्हे. तो न्यायालयाकडून मागून घ्यावा लागतो. दोन वर्षांच्या परित्यागाचा आधार काही वकील सुचवतात, पण त्यात ती सोडून जायच्या हेतूनेच गेली हे सिद्ध करावं लागतं, आणि बेपत्ता व्यक्तीबाबत नेमकं तेच ठाऊक नसतं. सात वर्षांच्या आत दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे, सात वर्षांपर्यंत कैद.

पैशांच्या बाबतीत तर ही थाप फार महागात पडते. अनुराधा नावाच्या महिलेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं की मृत्यूचं गृहीतक धरलं तरी मृत्यू नेमका कधी झाला हे त्यातून ठरत नाही. व्यक्ती बेपत्ता झाल्या दिवशीच मेली असं धरून विमा मागता येत नाही. हप्ते मध्येच थांबले असतील तर पॉलिसी बंद पडते आणि दावा बुडतो. म्हणून तिच्या पॉलिसीचे हप्ते सुरू ठेवावे लागतात, जमत नसेल तर विमा कंपनीशी लेखी बोलून पेड-अप (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहणारी) करून घ्यावी. दोघांच्या नावावरचा फ्लॅट तिच्या सहीशिवाय विकता येत नाही, कर्जाचा हप्ता मात्र एकट्यावर येतो. बँकेला आणि सोसायटीला मिसिंगची प्रत जोडून पहिल्या महिन्यातच कळवून ठेवावं. तिचं सिमही रिचार्ज करत राहावं. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि तिला पाठ असलेला तो बहुधा एकमेव नंबर असतो.