गॅरीओवन आणि मंगळवार पेठ

शाळासोबत्यांच्या कोल्हापुरी ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तेच पेटलं. कुणीतरी बातमी टाकली की आयर्लंडमध्ये रग्बीची लोकप्रियता वाढत चाललीय आणि फुटबॉल मागं पडतोय. झालं. एकानं लिहिलं, "बघा, सत्तर लाखांचं बेट, पण चार-चार खेळ जगवतात. कारण तिथं क्रिकेटचं वेड नाही. आपल्याकडं क्रिकेटला लगाम घाला, मग बघा." दुसऱ्याचा तोडगा वेगळा. "लगाम कशाला? कोल्हापूर फुटबॉलची फ्रँचायझी लीग काढा. मालक आणा, टीव्हीवर दाखवा. कबड्डीचं सोनं झालं का नाही?" मग दोघांनी मिळून मला ओढलं: "भावा, तू तिथंच हाईस. सांग की."

या ग्रुपला आयर्लंड म्हणजे मालवणजवळच्या वराडच्या वराडकरांचा लिओ जिथं पंतप्रधान झाला तो देश, एवढंच ठाऊक. (तो त्याआधी क्रीडामंत्रीही होता, पण ते असो.) मी २००९ पासून लिमरिकला राहतो. त्यामुळं सांगायला हवं, पण अंगठ्यानं टाइप करण्याएवढं ते लहान नाही.

आधी बातमीतलं खरं ते मान्य करून टाकू. आयर्लंडच्या रग्बी संघानं १९४८ साली ग्रँड स्लॅम जिंकला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या वार्षिक स्पर्धेत (ती हल्ली फेब्रुवारी-मार्चमध्ये असते) त्या वर्षी सगळ्यांना हरवलं. पुढचा ग्रँड स्लॅम यायला ६१ वर्षं लागली. मी आलो त्याच वर्षी, २००९ ला तो आला आणि मग २०१८, २०२३. न्यूझीलंडला १११ वर्षांत कधी हरवलं नव्हतं. २०१६ ला शिकागोत हरवलं, आणि २०२२ ला त्यांच्या घरी जाऊन मालिका जिंकली. २०२३ च्या विश्वचषकाला हे जगात पहिल्या क्रमांकावर होते. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत २८-२४ नं हरले, त्याच न्यूझीलंडकडून. उपांत्यपूर्व फेरीच्या पुढं हे आजवर एकदाही गेलेले नाहीत, आणि तरीही फेब्रुवारी-मार्चमधल्या शनिवारी ऑफिसातली एरवी रग्बीचा 'र' न काढणारी माणसंसुद्धा हिरवा शर्ट घालून पबमध्ये जाऊन बसतात. जिंकणारा संघ सगळ्यांचा असतो.

जिंकण्यामागं हिशेब आहे. १९९५ ला रग्बी व्यावसायिक झाली तेव्हा आयरिश रग्बी संघटनेनं चांगल्या खेळाडूंना थेट स्वतःच्या पगारावर घेतलं, म्हणजे ते इंग्लंड-फ्रान्सच्या श्रीमंत क्लबांकडं पळू नयेत. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनाख्ट असे चार प्रांतांचे चार संघ होतेच, सगळी ताकद त्यांच्यात ओतली. दुसरी गोष्ट, रग्बीत बेट एकच आहे. फुटबॉलमध्ये आयर्लंड प्रजासत्ताकाचा (डब्लिनचा) संघ वेगळा, ब्रिटनकडच्या उत्तर आयर्लंडचा (बेलफास्टचा) वेगळा. रग्बीत दोन्हीकडची पोरं एका शर्टात. राष्ट्रगीताचा तिढा नको म्हणून १९९५ ला संघासाठी वेगळं गाणंच बनवून घेतलं, आणि बाहेरदेशी फक्त तेच वाजतं. ते गाणं काही फार ग्रेट नाही, असं इथलेच लोक म्हणतात. पण सगळे गातात.

आता बातमीत न आलेलं. खेळणाऱ्यांची डोकी मोजली तर रग्बी आजही फुटबॉलच्या आणि गेलिक खेळांच्या (म्हणजे हर्लिंग, गेलिक फुटबॉल या इथल्या देशी खेळांच्या) मागंच आहे. आणि डब्लिनमध्ये रग्बी म्हणजे बऱ्याच अंशी फी भरून शिकायच्या शाळांचा खेळ. लेन्स्टरच्या संघाची यादी काढून शाळा तपासा, त्याच त्या पाच-सहा नावांशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. बघणारे सगळीकडचे, खेळणारे ठरावीक घरचे.

याला लिमरिक अपवाद. इथं रग्बी गोदीतल्या हमालाची आणि दवाखान्यातल्या डॉक्टरची, दोघांची. म्हणून तर मी हे सगळं लिमरिकवरून सांगतोय. हे शहर म्हणजे रग्बीसाठी कोल्हापूरची फुटबॉलवेडी मंगळवार पेठ, शिवाजी पेठ. किल्ल्याकडच्या बेटावर सेंट मेरीज पॅरिश (पॅरिश म्हणजे एका चर्चखालची वस्ती), तिथला क्लब शॅनन. यलो रोडवाले यंग मन्स्टर. आणि गॅरीओवन. रग्बीत चेंडू आभाळात उंच मारून त्याच्याखाली सगळ्यांनी धावत सुटायची जी किक आहे, तिला 'गॅरीओवन' म्हणतात. एका गल्लीचं नाव खेळाच्या व्याकरणात गेलं. आपल्याकडं असं एखाद्या पेठेचं नाव कुस्तीच्या डावाला पडावं, तसं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या घरातले, कट्टर यंग मन्स्टरवाले. १९९० च्या दशकातलं ते असं सांगतात, जसं माझे काका कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलच्या जुन्या फायनलींबद्दल सांगायचे. अखिल आयर्लंड क्लब लीग १९९० ला सुरू झाली आणि १९९२ ते १९९८ सलग सात वर्षं ती लिमरिकच्याच तीन क्लबांनी जिंकली. त्यातली चार ओळीनं एकट्या शॅननची. हे सांगताना आजोबांचा चेहरा अजून आंबट होतो. "१९९३ ला आम्ही डब्लिनला गेलो तेव्हा यलो रोडवर मांजरंच राहिली होती," असं त्यांचं म्हणणं. रविवारी गॅरीओवन-शॅनन असेल तर मैदानाबाहेर रस्ता बंद.

आणि मग रग्बी लोकप्रिय झाली.

हे वाक्य माझं नाही, आजोबांचं आहे, आणि ते हसत नाहीत म्हणताना. व्यावसायिक रग्बी आली, मन्स्टर प्रांताचा संघ मोठा झाला, २००६ आणि २००८ ला युरोपचा चषक जिंकून आला. लिमरिकच्या थोमंड पार्कवर २६ हजार माणसं. तिथली एक रीत आहे: पेनल्टी घेणारा किक मारायला उभा राहिला की अख्खं मैदान गप्प होतं, किक विरुद्ध संघाची असली तरी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं माझे कान बसले. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण ही २६ हजार माणसं कुठून आली? त्यातली बरीचशी त्या तीन क्लबांच्या कुंपणाजवळून उठून आली. चांगले खेळाडू प्रांताकडं, प्रायोजक प्रांताकडं, टीव्ही प्रांताकडं. मागच्या हिवाळ्यात आजोबांबरोबर क्लबाचा सामना बघायला गेलो. रग्बी चांगली होती. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या आया, आमच्यासारखे काही म्हातारे-कोतारे, आणि एक कुत्रं.

म्हणजे 'आयर्लंडमध्ये रग्बी वाढली' हे डब्लिनच्या टीव्हीवरून खरं, आणि यलो रोडवरून अर्धंच खरं. माझ्या फ्रँचायझीवाल्या मित्राला मला एवढंच दाखवायचंय. प्रो कबड्डीनं २०१४ पासून पोरांच्या हातात पैसा दिला, ते वाईट कसं म्हणू? मातीतल्या पोराला पगार मिळतो, नाव मिळतं. पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या फुटबॉल खेळणाऱ्या तालमींची पोरं उचलून उद्या 'कोल्हापूर अमुकतमुक्स' नावाचा संघ केला, तर शाहू स्टेडियमवर शिट्ट्या मारणारा माणूस तालमीसाठी उरेल का? लिमरिकमध्ये उरला नाही.

मग इथं गल्लीचं काय उरलं? हर्लिंग. आणि हा भाग मला रग्बीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

हर्लिंग म्हणजे हॉकीची काठी, पण हवेत. अ‍ॅशच्या लाकडाची, खाली चपटी, टोकाला टिनाची पट्टी ठोकलेली. हिला हर्ली म्हणतात. चेंडू डोक्यावरून जातो आणि पंधरा माणसं त्यामागं. १८८४ ला थर्ल्सच्या एका हॉटेलात गेलिक खेळांची संघटना स्थापन झाली, तिची साधारण रीत अशी: तू ज्या पॅरिशमधला, त्याच क्लबाकडून खेळायचं, आणि ज्या काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला), तिच्याच संघात. पगार नाही. क्रोक पार्कवर, म्हणजे संघटनेच्या डब्लिनमधल्या मोठ्या मैदानावर, ८२ हजार माणसांसमोर अंतिम सामना खेळणारा गडी एरवी शाळेत गणित शिकवत असतो. लिमरिक काउंटी १९७३ नंतर ४५ वर्षं थांबली आणि २०१८ ला एका गुणानं जिंकली. दुसऱ्या दिवशी संघ गावात आला तेव्हा मीही रस्त्यावर होतो. मन्स्टर रग्बीचा विजय सगळ्या शहराचा असतो. हा सामना ज्याच्या-त्याच्या घरचा होता. लोक खेळाडूंना "अरे, तुझ्या आईला सांग" असं म्हणत होते. त्यानंतर २०२० ते २०२३ सलग चार.

हे निव्वळ हौसेवर झालं असं समजू नका, नाहीतर ग्रुपवर कुणीतरी सद्गदित होईल. जे. पी. मॅकमॅनस हे इथले अब्जाधीश लिमरिक हर्लिंगच्या मागं वर्षानुवर्षं उभे आहेत, आणि २०२३ ला लिमरिक जिंकल्यावर त्यांनी ३२ काउंटींना प्रत्येकी १० लाख युरो जाहीर केले. पैसा इथंही आहेच. फरक इतका, की पैसेवाला संघ विकत घेऊ शकत नाही, कारण संघ विकायला काढलेला नाही.

आता लगामवाल्या मित्राकडं येतो. त्याचा प्रयोग इथं होऊन गेलाय. गेलिक संघटनेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'परकीय' खेळांवर बंदी घातली होती: रग्बी, फुटबॉल, हॉकी, क्रिकेट खेळलात किंवा नुसते बघायला गेलात तरी संघटनेतून बाहेर. कोण कुठल्या मैदानावर दिसलं यावर पाळत ठेवायला माणसं नेमलेली. १९३८ ला देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, ज्यांनी आयरिश भाषेसाठी आयुष्य घातलं, ते एका फुटबॉल सामन्याला गेले म्हणून संघटनेनं त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आमच्या आजोबांचा थोरला भाऊ हर्लिंगही खेळायचा आणि टोपणनावानं रग्बीही. पॅरिशमध्ये सगळ्यांना माहीत होतं, पाळतीवरच्या माणसालाही. १९७१ ला बंदी उठली. फुटबॉल मेला नव्हता, रग्बी मेली नव्हती. क्रिकेट मात्र, जे एकोणिसाव्या शतकात टिपररी-किलकेनीच्या खेड्यांत खेळलं जायचं, ते खरोखर गेलं, आणि त्याला बंदीइतकंच जमीनदारांविरुद्धचं वातावरणही कारण होतं. २०१८ ला आयर्लंड पहिली कसोटी खेळलं, ती मलहाइडला, पाकिस्तानशी.

बंदी उठली तरी क्रोक पार्कचं दार रग्बी-फुटबॉलला बंदच होतं. त्याला कारण होतं. २१ नोव्हेंबर १९२० ला ब्रिटिशांनी त्याच मैदानात घुसून गोळीबार केला, १४ माणसं मेली, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन. एका स्टँडला त्याचं नाव आहे. २००५ ला सभासदांनी मत देऊन दार उघडलं, आणि २४ फेब्रुवारी २००७ ला तिथं इंग्लंडचा रग्बी संघ आला. इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार होतं. आजोबा म्हणतात, "टीव्हीसमोर मी श्वास रोखून बसलो होतो, कुणी शिट्टी मारली तर?" कुणी मारली नाही. आयर्लंड ४३-१३ नं जिंकलं. माझ्या मते रग्बी आयर्लंडची झाली ती त्या दुपारी. आणि दार उघडणारे हर्लिंगवाले होते.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, कमोगी खेळते, म्हणजे मुलींचं हर्लिंग. पहिल्या शनिवारी तिला सोडायला गेलो, पाऊस तिरका येत होता. प्रशिक्षक बाईंनी माझ्या हातात प्लास्टिकच्या कोनांची पिशवी दिली. म्हटलं, "मला यातलं काही येत नाही." त्या म्हणाल्या, "ओळीत मांडता येतात ना?" तेव्हापासून दर शनिवारी सकाळी कोन मांडतो. माझ्यासारखाच एक पोलिश बाप गोलपोस्टच्या जाळ्या बांधतो. हर्लीला तडा गेला की टिनाची पट्टी कशी मारायची हेही आता येतं मला. पट्टी नीट बसली नाही तर बोट कापतं, हे दोनदा शिकलोय.

मला हे नवीन नव्हतंच खरं तर. तालमीच्या पोरांनी मैदानावर चुना मारणं, ट्रॅक्टर मागून आणणं, वर्गणीची पावती फाडणं, हे सगळं मी कोल्हापुरात बघितलंय. आमच्याच गावातून अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आमच्याकडं क्रिकेट असूनही फुटबॉल टिकला, ते कुणी लगाम घातला म्हणून नाही.

हे मी आजोबांना मोठ्या ऐटीत सांगितलं. पेठा, तालमी, डर्बी, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. त्यांना फार आवडलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळत नाही ना?"

मी जरा थांबलो. म्हटलं, "हल्ली खेळतो. पैसे मिळाले तर. नायजेरियातूनही खेळाडू आणतात."

"नायजेरियातून," ते म्हणाले, आणि हर्लीची पट्टी तपासत बसले.