सुया, संमोहन आणि पाचव्यांदा सोडलेली सिगारेट

परवा एका जुन्या मित्राचा मेसेज आला. "अरे, कानात सुया टोचल्या की सिगारेट सुटते म्हणे. तू करून बसलायस ना ते सगळं? जाऊ का?" दोन ओळींत उत्तर लिहायला घेतलं, जमेना. म्हणून इथेच लिहितोय. त्याच्यासारखे अजून चारजण यादीत असतीलच.

हो, करून बसलोय. सुया, संमोहन, लेझर, हर्बल सिगारेट, सगळं. सतरा वर्षं ओढली, पाच वेळा सोडली. पाचव्यांदा सोडली ती अजून सुटलेली आहे, आणि त्यात सुयांचा हात नव्हता. तरी सुयांना सरसकट शिव्या घालणार नाही. माझा राग आहे तो असले उपचार करणाऱ्यांच्या पाटीवरच्या वाक्यावर: "एकाच बैठकीत व्यसनमुक्ती."

कानातल्या सुयांचं, म्हणजे या अ‍ॅक्युपंक्चरचं, मूळ मजेशीर आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमधले न्यूरोसर्जन एच. एल. वेन वेदना कमी करण्यासाठी सुयांमधून सौम्य विजेचा प्रवाह देत होते. त्यांच्या रुग्णांत काही अफूचे व्यसनी होते, आणि अफू न मिळाल्याने होणारा त्रास त्यांना कमी जाणवला. पुढे न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये कानावरच्या पाच बिंदूंची पद्धत बसली. म्हणजे सुरुवात अफूपासून झाली. सिगारेट त्यात नंतर येऊन बसली.

माझा अनुभव सांगतो. मंद उजेडाची खोली, कानात सुया, चाळीस मिनिटं शांत पडून राहणं. त्याआधी सुया टोचणाऱ्या बाईंनी विचारलं, "पहिली सिगारेट कधी आणि कोणाबरोबर ओढलीत?" सतरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी दर वेळी "सोडा ती" एवढंच म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली होती. निघताना कानाला चिकटपट्टीने बारीक मणी लावून दिले. तलफ आली की दाबायचे. आता तलफेची एक लाट काही मिनिटांतच ओसरते, तुम्ही मणी दाबा, पाणी प्या नाहीतर भिंतीकडे बघत उभे राहा. पण हाताला काम मिळतं, आणि सिगारेट सोडलेल्या माणसाच्या हाताइतकं बेकार काहीच नसतं. अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी फोनवर भांडण झालं आणि पेटवली.

परत गेलो तर उत्तर मिळालं, "तुमची इच्छाशक्ती कमी पडली."

हे मला फार लागलं. सुटली तर श्रेय सुयांचं, नाही सुटली तर दोष माझा! पुढची दोन वर्षं मी प्रयत्नच केला नाही, कारण आपण मुळातच कच्चे आहोत हे डोक्यात पक्कं बसलं होतं. मला वाटतं या उपचारांचं खरं नुकसान हेच. पैसे काय, जातात आणि येतात.

नंतर वाचायला लागलो. सुया, अ‍ॅक्युप्रेशर आणि लेझर यांवरच्या ३८ अभ्यासांचा आढावा कॉक्रेनने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २०१४ मध्ये घेतला. सुरुवातीला थोडा फायदा होत असावा असं दिसलं, पण सहा महिने किंवा त्यापुढे टिकणाऱ्या फायद्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. संमोहनाचा आढावा २०१९चा. तितकाच वेळ देणाऱ्या इतर समुपदेशनापेक्षा संमोहन सरस आहे असं त्यातही दिसलं नाही. माझे अकरा दिवस या चित्रात अगदी चपखल बसतात. सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला जातो आणि मग काही आठवड्यांत उतरतो. त्या काळात सुया, मणी, कोणाचा तरी आश्वासक आवाज, कशाचाही आधार होतो. खरी परीक्षा त्यानंतर अवचित येते.

मग ते "मी एका दिवसात सोडली" म्हणणारे लोक खोटं बोलतात का? नाही. कसल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरातले साधारण तीन ते पाच वर्षभरानंतरही सुटलेले असतात. म्हणजे शंभर जणांच्या कानाला तुम्ही नुसती दोरी बांधली तरी चारेक जण सुटणारच, आणि जाहिरातीत तेच चौघे दिसणार.

हर्बल सिगारेटबद्दल एकच वाक्य: तंबाखू नसली तरी पानं जळतातच, आणि जळण्यातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड येतातच.

आता "म्हणजे तू गोळ्यांवाल्यांचा माणूस" म्हणणाऱ्यांसाठी. लॅबर्नम नावाचं पिवळ्या फुलांचं झाड आहे. त्याच्या बियांत सायटिसिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूत निकोटीन जिथे जाऊन बसतं तिथेच तेही बसतं, त्यामुळे तलफ बोथट होते. बल्गेरियात १९६४पासून त्याच्या गोळ्या मिळतात. पोलंडमध्ये ७४० जणांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली: वर्षभर सुटलेले ८.४ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के. सिगारेट सोडण्यासाठीचं व्हॅरेनिक्लीन हे औषधही याच द्रव्याच्या अभ्यासातून निघालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये शिफारस केलेल्या चार औषधांत सायटिसिन आहे. जडीबुटीच की ही! पण परीक्षेला बसली आणि पास झाली. (कृपा करून बिया चावू नका, झाड विषारी आहे.) आणि तो आकडा पुन्हा बघा. चालणारं औषध घेऊनही शंभरातले आठ. तुम्ही कच्चे नाही, निकोटीन चिवट आहे.

माझी सुटली ती निकोटीनचा पॅच (कातडीला चिकटवायची पट्टी) आणि निकोटीनच्या च्युइंगमने, जोडीला आठवड्यातून एकदा समुपदेशकाचा फोन. पॅच दिवसभर हळूहळू निकोटीन देतो, अचानक आलेल्या तलफेसाठी च्युइंगम. तेही मी आधी साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं आणि उचक्या लागल्या. थोडं चावायचं, चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं. आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नाही: धुरामुळे शरीर कॅफिन भरभर संपवतं. सिगारेट सुटली की तीच कॉफी जास्त चढते. पहिल्या आठवड्यातली माझी निम्मी धडधड बहुतेक कॉफीची होती.

तर मित्रा, सुया टोचून घ्यायच्या तर खुशाल जा, फक्त निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या आहेत ना ते बघ. डॉक्टरांना विचारून पॅच लावून जा. आणि आत गेल्यावर एक प्रश्न विचार: सहा महिन्यांनी तुमच्याकडचे किती जण सुटलेले असतात, आणि ते तुम्ही मोजता का? काय उत्तर येतं ते खाली कमेंटमध्ये लिही.