ब्रुनोच्या जुलाबाच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार मिळाल्याचं वाईट वाटलंच, पण तुमच्या कुत्र्याला, ब्रुनोला, आमच्या दुकानातल्या फूडने तीन दिवस जुलाब झाले हे वाचून जास्त वाटलं. 'प्रोबायोटिकवालं महागाचं फूड गळ्यात मारलं, पोट सुधारायचं सोडून बिघडलं, यापेक्षा आमचं घरचं दही बरं,' असं तुम्ही लिहिलंय. (प्रोबायोटिक म्हणजे पोटाला मदत करणारे जिवंत जिवाणू.)

आधी आमची चूक. जुनं फूड बंद करून तुम्ही दुसऱ्या दिवशी वाटीभर नवंच घातलंत. फूड बदलायचं ते 7 ते 10 दिवसांत. आधी पाव भाग नवं, मग निम्मं-निम्मं, असं. एवढं पिशवी देताना सांगायला हवं होतं. काउंटरवर नवा मुलगा होता, त्याने नुसतं बिल केलं. त्याला शिकवणं माझं काम होतं. पोट बिघडलं ते बहुतेक या एकदम बदलानेच.

दुसरी चूक तुम्हाला ठाऊकही नाही. ती पिशवी शोकेसमधली होती आणि तिथे दुपारचं ऊन थेट येतं. हे दाणे कारखान्यात 100 अंशांच्या वर शिजतात, म्हणून नाजूक जिवाणू नंतर वरून लावतात. तुमच्या पिशवीवर 'एन्टेरोकॉकस फेसियम' या जिवाणूचं नाव छापलंय. तो बॅसिलस जातीच्या जिवाणूंसारखा कवचात दडून बसणारा नाही, उष्णतेत मरतो. त्यामुळे तुम्ही मोजलेल्या पैशांतले किती जिवाणू जिवंत पोचले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. (दाण्यांवर गरमागरम चिकन सूप ओतलंत, त्यात उरलेसुरलेही गेले असतील. असो.)

दह्याला माझी ना नाही, आमच्या घरचं मांजरही चमचाभर चाटतं. पण वयाने मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, तेव्हा जुलाब चालू असताना दही नको. आणि कांदा घातलेली कोशिंबीर तर कधीच नको, कांदा त्यांना विषारी आहे.

शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा तो मलूल पडून राहिला, तर माझ्याकडच्या कुठल्याही पावडरीच्या भरवशावर राहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. तसंही तीन दिवस झालेत, एकदा दाखवाच. त्यांनी अँटिबायोटिक दिलं, तर प्रोबायोटिक किती तासांनी द्यायचं तेही विचारून घ्या. दोन्ही एकदम दिलं तर औषध त्या जिवाणूंनाही मारू शकतं.

उघडलेली पिशवी घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. शोकेसमधल्या बाकीच्या चार पिशव्या कालच काढल्या. आता तिथे पट्टे आणि स्टीलची भांडी मांडलीत.