दादा, आधी त्या दहा पॉइंटांचा हिशोब करू

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रात्री वाचली तेव्हा डोकं फिरलं, सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा वाटलं की यातलं काहीकाही बरोबर आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथे नीट लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मागे ॲलन कुल्विकीवर लिहिलं होतं, अमेरिकेतल्या नॅसकार स्टॉक कार रेसिंगचा ड्रायव्हर आणि स्वतःच्याच टीमचा मालक. दादांचं म्हणणं असं की 207 रेसमध्ये फक्त 5 जिंकलेल्या माणसाला मी उगाच डोक्यावर घेतलं, 1992 ची चॅम्पियनशिप त्याला दुसऱ्याची गाडी ठोकली गेली म्हणून मिळाली, मिलियन डॉलरची ऑफर नाकारली ती हिंमत नाही तर आडमुठेपणा, आणि 38 व्या वर्षी विमान अपघातात गेला नसता तर आज त्याला कुणी विचारलं नसतं. वर "गोल गोल गाडी फिरवण्यात कसलं आलंय स्किल" हे आहेच.

गोल गोलवर वाद घालत नाही. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या वर, बंपरला बंपर लावून, तीन-साडेतीन तास गोल फिरून दाखवणाऱ्याशी घाला तो वाद.

आता पाच विजयांचं. आकडा बरोबर आहे, पण त्याच्या शेजारचा आकडा तुम्ही सोडलात. त्याच 207 रेसमध्ये 24 वेळा तो पोलवर होता, म्हणजे क्वालिफाइंगला सगळ्यात फास्ट. एका लॅपपुरती गाडी कुणापेक्षा कमी नव्हती हो, पाचशे मैल ती तशीच पळत ठेवायला मागे पैसा लागतो, इंजिनं लागतात, माणसं लागतात, आणि तिथेच सगळं येऊन अडायचं. ग्रीनफिल्ड, विस्कॉन्सिनचा हा पोरगा, वडील रेसिंगची इंजिनं बनवायचे, स्वतः 1977 ला मेकॅनिकल इंजिनिअर झाला, गावाकडच्या छोट्या ट्रॅकवर नाव कमावलं आणि 1985 मध्ये होतं नव्हतं ते बहुतेक विकून शार्लटला निघाला, कारण नॅसकारचं सगळं दुकान तिकडे दक्षिणेत. निघायच्या दोन दिवस आधी शॉर्ट सर्किट होऊन त्याच्या ट्रकने पेट घेतला. मग कुणाची तरी पिकअप मागून आणली, तिला ट्रेलर जोडला आणि गेला. 1986 ला ज्या टीमसाठी चालवत होता तीच विकत घेतली आणि एक गाडी, दोन इंजिनं आणि पगारावरची दोन माणसं एवढ्यावर त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सगळ्यात चांगला नवखा ड्रायव्हर झाला. बॅट एकच असलेल्या बॅट्समनने मोठ्या क्लबच्या लीगमध्ये पूर्ण सीझन काढावा असं काहीतरी.

आणि हे मला जवळचं वाटतं त्याचं कारण सांगतो. माझा भोसरीला छोटा जॉबवर्कचा शेड आहे. ऑपरेटर दांडी मारतो त्या दिवशी लेथवर मी उभा असतो, आणि मशीन तीच, टूल तेच, पण माझा हात वेगळा चालतो, कारण इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, तुटला तर तो माझ्या खिशातून जाणार हे डोक्यात असतं. पगारी माणूस जो कट बिनधास्त घेतो तो मी दोन पासमध्ये घेतो. कुल्विकी ड्रायव्हर म्हणून कुठे दबकला असेल तर ते मालक म्हणून दबकला असेल असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडून द्या. रेसट्रॅकवर हातात ब्रीफकेस घेऊन फिरायचा, लोक हसायचे. आमच्याकडेही फाइल घेऊन फिरणाऱ्या मालकाला वर्कर हसतात, मला माहितीये.

ऑफर. ज्युनिअर जॉन्सनने त्याला मिलियन डॉलर देऊ केले, 1991 चा सीझन आपल्या टीमकडून चालवायला. ज्युनिअर जॉन्सन म्हणजे साधं नाव नाही, तरुणपणी चोरटी दारू गाडीतून पळवणारा, मग स्वतः ड्रायव्हर, मग सहा चॅम्पियनशिप जिंकलेला टीमचा मालक. त्याला हा नाही म्हणाला. बरं, नाही म्हणून सुखात बसला असंही नाही, ज्या मॅक्सवेल हाउस कॉफीवाल्यांशी याची स्पॉन्सरशिपची बोलणी चालू होती ते जॉन्सनकडे गेले आणि 1991 उजाडलं तेव्हा गाडीवर धड कुणाचं नाव नाही. अटलांटाच्या रेसला हूटर्स या रेस्टॉरंटवाल्यांची गाडी क्वालिफायच झाली नाही आणि हा पोलवर, मग त्यांनी याच्या गाडीवर आपलं नाव लावलं आणि तिथून ते जमलं. तुम्ही याला आडमुठेपणा म्हणता. असेलही. माझी बायको पण माझ्या एका नकाराला अजून तेच म्हणते.

पण त्या नकाराचं पुढे काय झालं ते माझ्या लेखात राहूनच गेलं होतं, तेवढी चूक माझी. 1992 च्या शेवटच्या रेसमध्ये कुल्विकीने ज्या बिल इलियटला दहा पॉइंटांनी मागे ठेवलं तो त्या वर्षी कुणाची गाडी चालवत होता? ज्युनिअर जॉन्सनची!

आता तो दहा पॉइंटांचा हिशोब, आणि हा वाचल्यावर नशीब हा शब्द वापरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. 15 नोव्हेंबर 1992, अटलांटा, 328 लॅप. रिचर्ड पेटीची शेवटची रेस आणि जेफ गॉर्डनची पहिली, दोघंही या खेळातली मोठी नावं, पण ते जाऊ दे, तो वेगळा लेख होईल. रेसच्या आधी सीझनच्या एकूण पॉइंटांत डेव्ही ॲलिसन हा ड्रायव्हर 30 पॉइंटांनी पुढे, त्याच्या मागे कुल्विकी, आणि कुल्विकीच्या मागे 10 पॉइंटांवर इलियट. ॲलिसन पाचवा आला तरी त्याचं काम होत होतं, पण अर्नी अर्व्हन या दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी त्याच्यासमोर फिरली आणि दोघं आदळले. हे नशीब, मान्य. पण त्यानंतरही इलियट होताच ना, आणि इलियट त्या दिवशी जोरात होता.

रेस जिंकणाऱ्याला 175, दुसऱ्याला 170. एक जरी लॅप लीड केला, म्हणजे एक फेरी सगळ्यांच्या पुढे राहून संपवली, तर 5 बोनस आणि सगळ्यात जास्त लॅप लीड करणाऱ्याला आणखी 5. रेस इलियटने जिंकली, त्याचे 175 अधिक 5, झाले 180. कुल्विकी दुसरा, 170 अधिक 5 अधिक 5, त्याचेही 180. फरक जिथल्या तिथे, दहाचा. का, तर कुल्विकीने 103 लॅप लीड केले होते आणि इलियटने 102. एकच लॅप इकडचा तिकडे झाला असता तर इलियटचे 185 आणि याचे 175, पॉइंट सारखे, आणि टाय झाल्यावर ज्याचे विजय जास्त तो चॅम्पियन. इलियटचे त्या सीझनला पाच होते, याचे दोन. संपला विषय.

आणि ही एका लॅपची गोष्ट योगायोगाने झाली नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला जिथे पेट्रोल भरतात आणि टायर बदलतात तिथे, बसून त्याची माणसं लॅप मोजत होती, शेवटच्या स्टॉपला आत घ्यायच्या आधी आपल्याला किती लॅप पुढे राहायचंय ते कागदावर मांडलेलं, तेवढे होईपर्यंत तो बाहेर राहिला. मग आत आला, घाईत पेट्रोल पूर्ण गेलंच नाही, त्यामुळे उरलेली रेस इलियटच्या मागे पेट्रोल वाचवत काढली, पाठलाग न करता. विचार करा, आयुष्यातली सगळ्यात मोठी रेस, समोर लीडर, आणि पाय उचलून धरायचा. त्यात पहिला गिअर सुरुवातीलाच तुटलेला, दर वेळी पिटमधून गाडी वरच्या गिअरमध्येच उचलायची, क्लच किती सांभाळावा लागला असेल ते घाटात भरलेला टेम्पो उचलणाऱ्याला विचारा.

त्याच रेसला त्याने गाडीच्या नाकावरच्या थंडरबर्ड या फोर्डच्या मॉडेलच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढून टाकली होती, रीतसर परवानगी घेऊन. उरलं अंडरबर्ड, अंडरडॉगसारखं, म्हणजे ज्याला कुणी जिंकणारा धरत नाही तो. तुम्हाला बालिश वाटेल, मला आवडतं.

आणि बरं, अटलांटापर्यंत तरी तो कसा पोचला? सप्टेंबरमध्ये डोव्हरला गाडी ठोकली तेव्हा सहा रेस उरल्या होत्या आणि हा 278 पॉइंटांनी मागे. ॲलिसनची गाडी ठोकली ते तुम्ही धरलंत, याची ठोकली ते धरलं नाहीत.

तो गेला म्हणून मोठा झाला, यावर मात्र पटकन बोलता येत नाही. 1 एप्रिल 1993, चॅम्पियन होऊन पाच महिनेही झाले नव्हते, स्पॉन्सरच्या विमानातून ब्रिस्टलच्या रेसला जाताना टेनेसीत विमान पडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टीमचा ट्रेलर पावसात ब्रिस्टलच्या ट्रॅकवर हळूहळू फिरला आणि निघून गेला. ती रेस रस्टी वॉलेस या ड्रायव्हरने जिंकली आणि त्याने गाडी उलटी फिरवली. हे उलटं फिरणं कुल्विकीने 1988 ला फिनिक्सला पहिली रेस जिंकल्यावर केलं होतं. रेस चालते ती घड्याळाच्या उलट, ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे त्याची खिडकी कायम मैदानाच्या आतल्या बाजूला आणि पब्लिक पलीकडे. याने गाडी घड्याळाच्या दिशेने वळवली, खिडकी पब्लिककडे आली, हात बाहेर काढला. घराणं पोलिश, म्हणून त्याला पोलिश व्हिक्टरी लॅप नाव पडलं. चॅम्पियन होण्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट आहे ही, मरणाशी तिचा संबंध नाही. आणि हो, त्याच जुलैमध्ये डेव्ही ॲलिसनही हेलिकॉप्टर अपघातात गेला. तेव्हा या दोघांत कोण लकी हा वाद निदान मी तरी घालणार नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र लागला. तुम्ही विचारलंत की एवढा "एकट्याने" लढला तर पिटमध्ये टायर कोण बदलत होतं. खरंय. क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या टीमचा प्रमुख, पॉल अँड्र्यूज होता, आणि कुल्विकीच्या हाताखाली काम करणं काही सोपं नव्हतं, प्रत्येक गोष्टीत स्वतः नाक खुपसायचा, त्याचं समाधान होईपर्यंत कुणाला घरी जायची सोय नाही. ते लॅप कागदावर मोजणारे तेच लोक. मी त्यांना एका ओळीत गुंडाळलं, बहुतेक मी स्वतः मालक असल्यामुळे. त्याच्यानंतर मालक-ड्रायव्हर चॅम्पियन व्हायला थेट 2011 उजाडलं, टोनी स्टुअर्ट, आणि त्याची टीमही भागीदारीत होती. ब्रॅड केसेलोव्स्की या ड्रायव्हरने पंचविशीच्या आतच नॅसकारच्या ट्रक सीरीजची, म्हणजे पिकअप ट्रकच्या रेसची, टीम काढली, रायन ब्लेनी, टायलर रेडिक हे ड्रायव्हर तिथे तयार झाले, तरी 2017 नंतर ती बंद करावी लागली. एकट्याने होतच नाही हे.

तर लेखातला "एकट्याच्या जोरावर" हा शब्दप्रयोग तीन ठिकाणी होता, तिन्ही काढले. अँड्र्यूजवर एक परिच्छेद टाकलाय, जॉन्सनचं आणि इलियटचंही टाकलंय. पाच विजयांचं वाक्य आहे तसंच ठेवलंय, फक्त शेजारी 24 पोल लिहिलेत.